पंधरा दिवसांची फेरी

त्यांना बसलेलं मी एकूण चार वेळा पाहिलं. तीन वर्षं एका ऑफिसात काढली, त्यात चार वेळा. एकदा ते दाढ काढून आले होते तेव्हा, दोनदा लग्नाच्या पंगतीत, आणि चौथी वेळ पुढे येईल. ऑफिसने त्यांना खुर्ची-टेबल दिलं होतं. खुर्ची त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहिरात विभागातल्या पाठदुखीच्या बाईंना देऊन टाकली आणि टेबलावर पाण्याचा माठ ठेवला.

आमचं वर्ध्याचं सांजदैनिक होतं. आठ पानं. दुपारी एकला पानं बंद, दोनला मशीन सुरू, चारच्या आत सगळे गठ्ठे रवाना. खाली छपाई, वर संपादकीय, आणि मागच्या खोलीत केबलवरच्या बातम्यांसाठी एक कॅमेरा आणि निळा पडदा. सगळे मिळून एकेचाळीस माणसं. मी पान-जोडणीला होतो. बातम्या आणि जाहिराती कॉम्प्युटरवर पानात बसवायच्या, पान बटर पेपरवर काढायचं, त्याची गुंडाळी करून मागच्या बाजूला निळ्या पेन्सिलीने पानाचा आकडा टाकायचा आणि खाली छपाईची प्लेट करायला पाठवायची. आठ गुंडाळ्या गेल्या की पान-यादीवर बरोबरच्या आठ खुणा आणि सही. सतरा वर्षांत माझी यादी एकदाही चुकली नव्हती. ही बढाई नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

ते आले कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. नाचणगावच्या बाजूला आरोग्य सेवक म्हणून नोकरी करून निवृत्त झाले होते. दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचा ताप मोजायला मालकांना माणूस हवा होता. लाट गेली, ते राहिले. नागपूरच्या कोणीतरी मालकांना सांगितलं की हल्ली कंपनीत मनुष्यबळ अधिकारी ठेवावा लागतो. मालक म्हणाले, "आपल्याकडे आहे ना एक." तेव्हापासून ते सगळ्यांचे एचआर काका झाले.

"एचआर म्हंजे काय, ते मले दोघातिघांनी समजावून सांगितलं," ते म्हणायचे. "घरभेटच हाय ते."

घरभेट म्हणजे मलेरियाच्या कामातली फेरी. दर पंधरा दिवसांनी गावातल्या प्रत्येक घरी जायचं, दारात उभं राहून "घरात कोणाले ताप हाय का?" विचारायचं आणि दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या खान्यांत तारीख, सही आणि तापाच्या माणसांचा आकडा लिहायचा. हे त्यांनी बत्तीस वर्षं केलं. आमच्या ऑफिसात आल्यावर त्यांनी एकेचाळीस जागी पेन्सिलीने तसेच खाने आखले. कोणाच्या टेबलाच्या कडेला, कोणाच्या कपाटावर, मशीनशेजारच्या खांबावर, मालकांच्या केबिनच्या दाराला आतून. तारीख, सही, आणि तिसऱ्या खान्यात शून्य किंवा आकडा.

ताप म्हणजे त्यांच्या लेखी काहीही. झोप नसणं, गुडघा, घरी आलेलं पत्र, संपादकांनी परत केलेली बातमी. "बरं आहे" हे उत्तर ते घेत नसत.

"ताप हाय का?" त्यांनी एकदा माझ्यासमोर गुन्हे वार्ताहराला विचारलं.

"नाई काका. बरं हाय."

"काल जेवला कवा?"

"चार वाजता असन."

"असन म्हंजे? काल देवळी रोडवर ट्रक उलटला तो कितीले?"

"एक वाजून वीस मिनिटांनी."

"पाय बरं. ट्रकचा टाइम मिनिटासकट ठावा हाय अन् सोताच्या जेवणाले असन." त्यांनी तिसऱ्या खान्यात एक लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे निघाले. चालता चालताच बोलायची त्यांची सवय होती, त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं ज्याच्यासाठी असे त्याच्याऐवजी पुढच्या माणसाला ऐकू जाई. वरचा मजला ते खालचा मजला अशा त्यांच्या दिवसाला अकरा ते चौदा फेऱ्या होत. मी आठवडाभर मोजल्या होत्या. जाता-येता रिकाम्या हाताने कशाला जायचं म्हणून ते माझ्या गुंडाळ्याही खाली नेऊन देत.

त्यांचा मुख्य राग एका गोष्टीवर होता. आम्ही सगळ्या जिल्ह्याची खबर ठेवत होतो आणि शेजारच्या खुर्चीची ठेवत नव्हतो. आमच्याच कॅमेरामनला मुलगी झाली हे आम्हाला तिसऱ्या दिवशी पवनारच्या एका एजंटाकडून कळलं, तेव्हा ते दिवसभर माठाभोवती फिरत राहिले. "घरची खबर घरच्याले बाहेरून कळाली नाई पायजे," हे त्यांचं वाक्य होतं. संध्याकाळी सगळ्यांना उभं करून त्यांनी शब्द दिला की यापुढे ऑफिसची कोणतीही बातमी, चांगली असो की वाईट, आधी त्यांच्या तोंडून कळेल.

त्यातून 'घरचं पान' निघालं. दर शनिवारी ते मजकूर आणत, मी जोडून देई आणि ते माठाच्या वर चिकटवत. तीन चौकटी. पहिली 'ऑफिसात काय चाललं'. दुसरी 'तब्येत', म्हणजे सोमवारी त्यांनी घेतलेले सगळ्यांचे रक्तदाब. तिसरी 'अबोला'. पहिल्या अंकात रक्तदाब नावांसकट छापले. बाईमाणसांनी तक्रार केली, तेव्हा नावं काढून टेबलाचे नंबर टाकले. टेबलाचे नंबर सगळ्यांना पाठ होते. पण तक्रार थांबली.

अबोल्याच्या चौकटीत कोण कोणाशी किती दिवसांपासून बोलत नाही हे असे. कॅमेरामन आणि मुद्रितशोधक यांचा आकडा सव्वीसवर गेला होता. काकांनी मुद्रितशोधकाला गाठलं.

"त्याले जाऊन सांग, तुह्या पोरीचा दुसरा डोस बुधवारी हाय."

"तुम्हीच सांगा ना काका."

"मी विसरीन."

ते कधीही काही विसरत नसत. मुद्रितशोधक गेला आणि सांगून आला. पुढच्या शनिवारी ती ओळ निघाली.

मशीनवरचे फोरमन होते, त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांच्या रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे शहात्तर आला होता आणि ते डॉक्टरकडे जात नव्हते. मिस्त्रींचं घर नाचणगावचं. काकांनी त्यांच्या दाराच्या भिंतीवर कितीतरी वर्षं सह्या केलेल्या, त्यांच्या आईला ते नावाने ओळखत. एका मंगळवारी दोन वाजता काका मशीनच्या बटणापुढे उभे राहिले.

"सरका काका, टाइम झाला."

"तू दवाखान्यात चाल, मी सरकतो."

"पेपर लेट होईन ना."

"होऊ दे. लोकं कालचा वाचतीन."

पेपर पन्नास मिनिटं उशिरा निघाला. मालक चिडले. मिस्त्रींना गोळी सुरू झाली आणि आकडा एकशे अडतीसवर आला. त्यानंतर मिस्त्री रोज जेवणाच्या डब्याच्या झाकणात गोळी काढून ठेवत आणि काका आले की झाकण वर करून दाखवत.

मग ते वर्ष आलं. नागपूरहून दोन माणसं येऊन मशीनचे फोटो काढून गेली. कागदाची रिळं अर्धीच येऊ लागली. कोणी म्हणे छपाई नागपूरला जाणार, कोणी म्हणे पेपर मोबाईलवरच निघणार. ऑफिसात कोणाचं लक्ष कामात लागेना. लोक उगाच जिने चढत-उतरत होते. मीही घरी येऊन गॅलरीत येरझारा घालत असे, बायको म्हणायची, बसा ना एका जागी. काकांना जो तो विचारे, "काका, आपलं काय?" आणि काका पहिल्यांदाच उत्तर न देता पुढे जात.

त्यांना माहीत होतं. मालकांनी त्यांना सांगून तोंड बंद ठेवायला लावलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच की शनिवारी ते माझ्याकडे दोनच चौकटींचा मजकूर घेऊन आले.

"पहिली काढू का मग?"

"काढू नको. रिकामी ठेव."

"रिकामी कशी ठेवायची काका? मालक म्हणतात, 'सर्व सुरळीत' लिहा."

"खोटं नाई लिवाचं. चौकट राहू दे."

तीन शनिवार ती चौकट रिकामी लागली. माठाशी गर्दी होई आणि लोक त्या कोऱ्या जागेकडे पाहत उभे राहत.

चौथ्या शनिवारी साडेबाराला ते आले आणि माझ्या टेबलाशी थांबले. थांबले म्हणजे पाय थांबले, हात पेन्सिल फिरवत होता.

"मालकाले म्या सांगितलं, आज लावतो. ते हो म्हणले. अट एकच, हे या भिंतीच्या बाहेर जायले नाई पायजे. म्या शब्द देल्ला." मग त्यांनी कागद माझ्याकडे न देता छातीशी धरला. "मशीन बंद होऊन राह्यली. तेरा जणं कमी होतीन. पाचव्या ओळीत तू हायेस. टाईप करतानी कळाले नको म्हणून आधी सांगून राह्यलो."

मी म्हणालो, "बरं."

"बरं नको म्हणू."

मी कागदासाठी हात पुढे केला. त्यांनी कागद ठेवला. "पूर्ण पानभर कर. मशीनवाल्याले चष्म्याबिगर वाचता आलं पायजे. मी तवरोक एकेकाले सांगतो. मिस्त्रीले सगळ्याच्या शेवटी, त्याचं जेवण अन् गोळी झाल्यावर. चार वाजता लावू."

मी टाईप केलं. माझं नाव टाईप करायला इतर नावांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. बटर पेपर काढला, गुंडाळला. त्याच वेळी पाचवं पान, बाजारभावाचं, तेही निघालं होतं. दोन गुंडाळ्या शेजारी होत्या. मी डोक्यात ओळी मोजत होतो. वर चार नावं, खाली आठ, पाचवा मी. निळी पेन्सिल घेतली आणि घरच्या पानाच्या पाठीवर ५ लिहिला. बाजारभाव टेबलावरच राहिला. आठ गुंडाळ्या मोजल्या, आठ भरल्या. आठ खुणा केल्या, सही केली, यादी खिळ्याला लावली. काका फेरीत वर आले, गुंडाळ्या घेऊन गेले.

प्लेट करणारा आकडा पाहतो, मजकूर वाचत नाही. मिस्त्री पहिल्या पानाचा रंग पाहतात. दोनला मशीन सुरू झाली. अडीचची बस धरायची म्हणून पुलगाव आणि देवळीचे गठ्ठे सर्वात आधी गेले. सुमारे बाराशे अंक. पावणेतीनला मिस्त्रींनी घडी नीट बसते का पाहायला एक अंक उघडला. पाचव्या पानावर तेरा नावं होती. पहिलं त्यांचं होतं. खाली टेबल नंबरसकट रक्तदाब, आणि त्याच्याही खाली अबोला.

त्यांनी मशीन बंद केली. वर आले. अंक मालकांच्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, "शाई बरोबर हाय. बातमी पाहून घ्या."

मालक पुलगावच्या एजंटाला फोन लावत राहिले, आणि साडेतीनला मिस्त्रींचा फोन वाजला. नाचणगावहून आई होती. पुलगावच्या स्टँडवर कोणीतरी अंक घेतला आणि तिच्या दारात वाचून दाखवला होता. फोनमधला आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला, "तुही नौकरी गेली म्हणते पेपरात, अन् तू सांगितलं नाई मले?"

"मलेच आता कळालं, माय," मिस्त्री म्हणाले.

काका तेव्हा खालून येऊन दारात उभे होते. तेरापैकी सहा जणांना त्यांनी सांगून झालं होतं. मिस्त्रींसकट सात राहिले होते. ते भिंतीकडेच्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर बसले. ही चौथी वेळ.

केबिनमध्ये आम्ही आठ जण होतो. मी मोजले, कारण कोणाच्या तोंडाकडे पाहवत नव्हतं.

"भिंतीबाहेर जाणार नाही म्हणाला होता तुम्ही," मालक म्हणाले.

"हो, म्हणलो होतो."

"मग गेलं कसं? यादी आणा पानांची. सही कोणाची आहे?"

यादी खिळ्याला नव्हती. ती गुंडाळीही प्लेटच्या खोलीत नव्हती. प्लेट करणाऱ्याचा चेहरा उतरला. मी बोलायला तोंड उघडलं. उघडलं होतं, एवढं खरं आहे. त्याआधी काका उठले.

"गुंडाळ्या मी नेल्या. अदलाबदल माह्याच हातानं झाली. दुसऱ्या कोणाले इचारू नका."

मालकांनी त्यांना त्याच दिवशी जायला सांगितलं. त्यांनी माठ रिकामा करून पालथा घातला, दोन पेन्सिली खिशात लावल्या आणि गेले. मी माझ्या जागेवर येऊन बाजारभावाची गुंडाळी टेबलाखाली सारली.

एवढं छापल्यावर मालकांना लपवण्यासारखं काही उरलं नाही. सोमवारी ते पहिल्यांदा खाली मशीनपाशी आले आणि दीड तास उभ्याने बोलले. मशीन बंद झाली, पण पाच महिन्यांनी, आणि तोवर तेराही जणांनी आपापलं काही बघून ठेवलं होतं. मी तहसीलजवळ टायपिंगचं दुकान टाकलं.

काका मात्र थांबले नाहीत. त्यांनी एकेचाळीस घरांची फेरी सुरू केली. सिंदी मेघेला आमच्याकडे दर दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला मोपेड थांबे. दाराशेजारी त्यांनी खाने आखले. घरात येत नसत, पाणीसुद्धा उभ्याने.

"ताप हाय का?"

"नाही काका. बरं आहे."

दुसऱ्या कोणाला त्यांनी सोडलं नसतं. मला काही न विचारता ते तारीख टाकत, सही करत आणि तिसरा खाना रिकामा ठेवत. बायकोला वाटे, विसरले असतील. मी खाने मोजत होतो. सात झाले. रात्री कुलूप लावताना, सकाळी दूध घेताना ते सात कोरे चौकोन दिसत. मी एकदा त्यांच्यावर कॅलेंडर लावलं. पुढच्या रविवारी काकांनी ते दुसऱ्या खिळ्याला लावलं आणि आठवा खाना रिकामा ठेवला.

नवव्या वेळी त्यांनी विचारायच्या आत मी म्हणालो, "काका, ते पान मी टाकलं होतं."

"माहीत हाय." त्यांनी वरच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढून दाखवला. माझी पान-यादी, आठ खुणा, सही. "गुंडाळीवरचा पाचाचा आकडाही तुहाच."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुले त्याच दिवशी एक धक्का बसला होता. एका दिवसात दोन नाई द्याचे, असं मले वाटलं." त्यांनी कागद परत खिशात घातला. "तू मंग बोलशीन, असंही वाटलं होतं."

मी म्हणालो, "आज बोललो."

"मले सांगून काय होते? मले ठावंच होतं. त्या खोलीत किती जणं होते?"

"आठ."

"मी अन् तू सोडून?"

"सहा."

त्यांनी तिसऱ्या खान्यात ६ लिहिला आणि मोपेडला किक मारली.

मिस्त्रींकडे मी सर्वात आधी गेलो. नाचणगावला, त्यांच्या आईसमोर. मिस्त्री म्हणाले, "बस, जेवून जा," आणि आईला ताट वाढायला सांगितलं. प्लेट करणाऱ्याने मला दोन शिव्या दिल्या, त्या मी घेतल्या. पंधरा दिवसांनी काकांनी ४ लिहिला. मग २. मग १. त्यानंतरच्या रविवारी मोपेड आली नाही. गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना हिंगणघाटजवळच्या आपल्या गावी घेऊन गेली. ऐकतो की तिथेही ते ओट्यावर उभे असतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला ताप विचारतात.

तो १ मालकांचा होता. तो माझ्या दाराशेजारी आठ महिने राहिला. मग हे लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर लक्षात आलं की असंच पाठवलं तर मालकांना ते छापलेलं वाचून कळेल. म्हणून काल सकाळी अकराला त्यांच्याकडे गेलो आणि समोर उभं राहून सांगितलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मी त्या माणसाला त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही." चष्मा परत लावून म्हणाले, "कुठे असतात हल्ली?"

मी गाव सांगितलं. बसथांबा, शाळेची भिंत, तिथून तिसरं घर, ओटा. कागदावर नकाशा काढून दिला.

"फोन नंबर आहे का त्यांचा?"

नंबर माझ्या खिशात होता. "नाही," मी म्हणालो. "जावंच लागेल."